आधी शीव, मग घोडा: इंग्लंडमधला पॅरिश पायी कसा वाचावा

स्विंडन, रीडिंग, ऑक्सफर्ड या पट्ट्यात मराठी आणि गोंयकार कुटुंबे बरीच आहेत. सुट्टीच्या दिवशी त्यातली अनेक अफिंग्टनला, टेकडीच्या उतारावर खडूने रेखलेला मोठा पांढरा घोडा पाहायला, जातात. गाडी टेकडीवरच्या वाहनतळात लागते, दहा मिनिटे चालल्यावर गवतात चार पांढरे पट्टे दिसतात, वारा सोसवत नाही, फोटो होतात आणि मंडळी परततात. घरी आल्यावर तक्रार एकच: घोडा काही नीट दिसला नाही, आणि गाव तर पाहिलेच नाही. यात चूक क्रमाची आहे. ग्रामीण इंग्लिश पॅरिश, म्हणजे गाव आणि त्याचे सगळे शिवार, खालून वर आणि कडेकडून आत वाचायचा असतो, आणि लोक तो नेमका उलटा वाचतात.

खाली दिलेली रीत ऑक्सफर्डशायरमधल्या अफिंग्टनवर बेतलेली आहे. चॉकच्या, म्हणजे खडूच्या खडकाच्या, टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या कोणत्याही पॅरिशला ती थोड्या फरकाने लागू पडते. एक संध्याकाळ टेबलावर आणि एक पूर्ण दिवस पायी, एवढा वेळ ठेवा. मुलांना नेणार असाल तर टेबलावरच्या कामातही त्यांना बसवा. शीव स्वतःच्या हाताने गिरवलेले मूल दुसऱ्या दिवशी ती शेतात शोधत चालते.

आधी ठरवा: कोणता पॅरिश?

पॅरिश म्हणजे गाव नव्हे. आपल्याकडे जुन्या बोलीत गावाचे दोन भाग सांगतात: पांढरी म्हणजे घरे असलेले गावठाण, आणि काळी म्हणजे शेतजमीन. पॅरिश म्हणजे पांढरी, काळी, ओढे, माळ आणि टेकडी या सगळ्यांसकट गावाचे शिवार. अफिंग्टनची घरे तासाभरात पाहून होतील, शिवाराला मात्र दिवस लागतो.

शिवाय पॅरिश दोन प्रकारचे आहेत. चर्चचा पॅरिश म्हणजे पाद्र्याच्या कामाचे क्षेत्र. सिव्हिल पॅरिश म्हणजे प्रशासनाचा सर्वांत खालचा घटक, साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारखा. १८९४ च्या कायद्याने त्याला निवडून आलेली कौन्सिल मिळाली. दोन्हींच्या सीमा पुष्कळदा जुळत नाहीत. जुन्या काळी वुलस्टन आणि बॉल्किंग ही शेजारची गावे अफिंग्टनच्या चर्चखाली होती, आज प्रशासनाच्या दृष्टीने ती वेगळी आहेत. म्हणून जुन्या दप्तरात 'अफिंग्टन' असा शब्द दिसला की तो तिन्ही गावांना मिळून वापरला असण्याची शक्यता धरा.

या लेखात पॅरिश म्हणजे सिव्हिल पॅरिश.

इशारा: जिल्हाबदल विसरू नका. १ एप्रिल १९७४ पर्यंत अफिंग्टन बर्कशायरमध्ये होते. जुने नकाशे आणि कागद बर्कशायरच्या नावाखाली शोधा, अभिलेखागार रीडिंगला आहे. ऑक्सफर्डशायर टाकून शोधले की काहीच सापडत नाही, आणि लोक समजतात की कागदच नाहीत.

१. साहित्य

- ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर नकाशा, क्रमांक १७०. नारिंगी वेष्टन, प्रमाण १:२५,०००, म्हणजे नकाशावरचे ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर.
- ट्रेसिंग पेपर, मऊ पेन्सिल, खोडरबर, लाल आणि निळी रंगीत पेन्सिल.
- होकायंत्र. फोनमधला चालतो, पण थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून साधा चुंबकीही जवळ ठेवा.
- ड्रॉपर असलेली लहान बाटली आणि त्यात साधा पांढरा व्हिनेगर. कशासाठी ते सातव्या टप्प्यात.
- घोट्यापर्यंतचे, खाचांच्या तळाचे बूट. वारा अडवणारे जाकीट उन्हाळ्यातही.
- माणशी एक लिटर पाणी आणि डबा. टेकडीवर दुकान मिळेल असे गृहीत धरू नका.

इथली नेहमीची चूक म्हणजे गुलाबी वेष्टनाचा लँडरेंजर नकाशा घेणे. त्याचे प्रमाण १:५०,०००. त्यात शेतांचे बांध दाखवत नाहीत आणि सिव्हिल पॅरिशची शीवही नसते. गाडी चालवायला तो उत्तम, या कामाला निरुपयोगी.

२. शीव गिरवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि पुढचे सगळे गोंधळ इथूनच सुरू होतात.

एक्सप्लोररवर सिव्हिल पॅरिशची शीव बारीक ठिपक्यांच्या ओळीने दाखवतात, आणि पॅरिशच्या नावापुढे 'सीपी' ही अक्षरे असतात. अफिंग्टनचे नाव शोधा, ट्रेसिंग पेपर वर ठेवा, कोपऱ्यांवर चिकटपट्टी लावा. गिरवण्याआधी किलोमीटरच्या निळ्या रेषांचे दोन-तीन छेद कागदावर क्रॉसने उतरवून घ्या. कागद सरकला तर त्यांच्या आधाराने पुन्हा जागेवर बसवता येतो.

मग शीव लाल पेन्सिलने गिरवा. ठिपके जिथे ओढ्याच्या किंवा हेजच्या, म्हणजे झुडपांच्या कुंपणाच्या, रेषेला चिकटून जातात तिथे ते नजरेतून निसटतात आणि हात सरळ पुढच्या शेताच्या बांधावर जातो. शंका आली की ऑर्डनन्स सर्व्हेच्याच निवडणूक नकाशाच्या संकेतस्थळावर तोच तुकडा मोठा करून पाहा. तिथे पॅरिशच्या सीमा फुकट दिसतात.

गिरवून झाल्यावर आकार डोळ्यांत भरतो: उत्तर-दक्षिण लांब, पूर्व-पश्चिम अरुंद. पश्चिमेला वुलस्टन, पूर्वेला किंग्स्टन लायल, त्यांचेही आकार तसेच, पट्ट्यासारखे. आता खालचा नकाशा पाहा. पट्ट्याचे उत्तर टोक ओल्या सखल जमिनीत आहे आणि दक्षिण टोक टेकडीच्या पलीकडच्या उघड्या माळावर. प्रत्येक गावाला थोडे कुरण, थोडी नांगरट आणि थोडा मेंढ्यांचा माळ मिळावा, अशी ही उभी वाटणी आहे. आपल्याकडे भावांमध्ये जमीन वाटताना ओढ्याकडचे आणि माळाकडचे रान दोघांनाही थोडेथोडे जाते, त्यातलाच हा न्याय. पट्ट्यामागचे हे कारण कळले की कोणती खूण कुठे शोधायची ते नकाशाच सांगतो.

तपासा: गिरवलेली शीव सुरू झाली तिथेच येऊन मिळते का? टेकडीवरचा पांढरा घोडा आत आहे का? वेलँड्स स्मिदी नावाची दगडी थडगी बाहेर राहिली का? ती घोड्यापासून पश्चिमेला सुमारे दोन किलोमीटरवर अ‍ॅशबरी पॅरिशमध्ये आहे. ती आत आली असेल तर तुमची रेषा पश्चिमेला भरकटली आहे.

३. पाणी आणि माती निळ्याने भरा

आता निळी पेन्सिल. ओढे, पाट, तळी सगळे उतरवा. उत्तरेकडे पाणी दाट, दक्षिणेकडे टेकडीवर जवळजवळ एकही निळी रेघ नाही. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो. फरक खडकात आहे. खडूचा खडक पाणी पिऊन घेतो. ते खाली झिरपत जाते, पायथ्याशी खालच्या चिकणमातीवर अडते आणि झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. नकाशावर झऱ्याची 'Spr' ही संक्षिप्त इंग्रजी अक्षरे शोधत पायथ्याच्या रेषेने बोट फिरवा. अ‍ॅशबरी, कॉम्प्टन बीचम, वुलस्टन, किंग्स्टन लायल ही गावे पायथ्याच्या याच ओळीत ओवलेली सापडतील. बी ४५०७ हा रस्ताही त्यांच्या सोबत जातो.

अफिंग्टन मात्र या ओळीत नाही. ते पायथ्यापासून उत्तरेला, खोऱ्यात उतरून बसले आहे. त्यामुळे गावातून टेकडी अख्खी समोर दिसते, आणि हा पॅरिश निवडण्याचे हेही एक कारण.

नावांवरही नजर टाका. शेवटी 'टन' म्हणजे वाडी, वस्ती. अफिंग्टन म्हणजे उफ्फा नावाच्या माणसाची वाडी. उत्तरेच्या खोऱ्यात गूझी, चार्नी, हॅनी अशी 'ई'काराने संपणारी गावे दिसतात. त्यातल्या शेवटच्या अक्षराचा मूळ अर्थ बेट, म्हणजे पाणथळीतला उंचवटा. 'डाउन' हा शब्द सर्वांत जास्त फसवतो. नकाशावर तो दिसला की खाली उतरायचे असे लोक समजतात. इथे डाउन म्हणजे उंचावरचा उघडा, गवताळ माळ. म्हणजे चढायचे आहे.

४. ग्रिडचे आकडे

प्रत्येक खुणेला सहा आकड्यांचा ग्रिड संदर्भ द्या. घोड्याचा आहे एसयू ३०१ ८६६. वाचायची पद्धत अशी:

१) दोन अक्षरे आधी. ती १०० किलोमीटरच्या मोठ्या चौकोनाचे नाव आहेत. ती गाळली तर तेच आकडे देशात दुसरीकडेही लागू पडतात.
२) नकाशाच्या वरच्या किंवा खालच्या कडेवरून उभी रेषा ३० शोधा. तिच्या उजवीकडे पुढच्या रेषेपर्यंत दहा समान भाग कल्पा आणि पहिला भाग घ्या. झाले ३०१.
३) मग डाव्या किंवा उजव्या कडेवरून आडवी रेषा ८६ शोधा, तिच्या वर सहा भाग. झाले ८६६.

आधी पूर्वेचे आकडे, नंतर उत्तरेचे. उलट केले तर खूण भलत्याच मुलखात जाऊन पडते. सहा आकड्यांनी १०० मीटरचा चौकोन मिळतो, हेजमधले फाटक शोधायला तेवढा पुरतो.

तपासा: आता चर्चचा संदर्भ स्वतः काढा. पहिले तीन आकडे घोड्याच्या तीन आकड्यांशी जवळजवळ सारखे यायला हवेत आणि शेवटचे तीन सुमारे २७ ने जास्त. म्हणजे चर्च घोड्याच्या जवळपास बरोबर उत्तरेला, पावणेतीन किलोमीटरच्या आसपास. तसे आले नाही तर कुठेतरी रेषा चुकली आहे.

५. वाटांचे हक्क

एक्सप्लोररवर हिरव्या तुटक रेषा म्हणजे लोकांच्या हक्काच्या वाटा. आखूड तुकडे म्हणजे फक्त पायवाट. लांब तुकडे म्हणजे ब्रायडलवे, तिथे घोडा आणि सायकलही चालते. काळ्या तुटक रेषेच्या वाटेचा अर्थ फक्त इतकाच की जमिनीवर वाट आहे. त्यावरून जाण्याचा हक्क त्यात येत नाही. दिवस वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण ही काळी रेषा आहे. उपग्रहाच्या चित्रात वाट ठळक दिसते, लोक तिने जातात आणि शेतघराच्या बंद फाटकाशी अडकतात. जमिनीवर बाणांचे रंग पाहा: पिवळा पायवाटेचा, निळा ब्रायडलवेचा.

हक्काची वाट पिकातूनही जाऊ शकते. शेतकऱ्याने नांगरली तर ठरलेल्या मुदतीत ती पुन्हा चालण्याजोगी करणे त्याच्यावर बंधनकारक असते, आणि शेताच्या मधून जाणारी पायवाट किमान एक मीटर रुंद असावी लागते. म्हणून पीक उभे असले तरी वाटेच्या रेषेत सरळ एका ओळीने चला. कडेकडून लांब वळसा घालणे हे सौजन्य वाटते, पण त्या कडेवर तुमचा हक्क नसतो.

इशारा: फाटक जसे असेल तसे सोडा, उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका. बरोबर कुत्रा असेल आणि गुरे अंगावर आलीच, तर कुत्र्याचा पट्टा सोडून द्या.

६. सकाळी गावठाण

चालायला सुरुवात चर्चपासून. गाडी कोणाच्या शेताच्या फाटकासमोर लावू नका, ट्रॅक्टरला तिथूनच जायचे असते.

सेंट मेरीज हे १३ व्या शतकातले चर्च आहे. इंग्लंडमधली जुनी चर्चेस पूर्व-पश्चिम बांधलेली असतात, वेदी पूर्वेला, त्यामुळे इमारतच होकायंत्राचे काम करते. पण 'मनोरा असेल ती पश्चिम' हा नेहमीचा ठोकताळा इथे चालत नाही. इमारत क्रूसाच्या आकाराची आहे आणि मनोरा मधोमध, तोही अष्टकोनी. दिशा ठरवायची तर वेदीकडची मोठी खिडकी शोधा. नकाशाच्या सूचीत मनोऱ्याचे, टोकदार शिखराचे आणि दोन्ही नसलेले चर्च अशी तीन वेगळी चिन्हे असतात. इथले चिन्ह आणि समोरचा मनोरा जुळवून पाहा. दूरच्या टेकडीवरून गाव ओळखताना हेच चिन्ह कामी येते.

भोवतीने एक पूर्ण फेरी मारा, मग जवळच्या घरांकडे वळा. इथल्या जुन्या घरांच्या भिंती खडूच्या घट्ट ठोकळ्यांच्या आहेत. दुरून त्यांना चुना लावल्यासारखा वाटतो. जवळ गेल्यावर दगडाचा पांढरा रंग किंचित करडा दिसतो, पृष्ठभाग पिठूळ, कडा झिजून गोलावलेल्या, आणि पायाला बहुतेक वेळा वेगळा, कठीण दगड किंवा विटा. खडू ओल सहन करत नाही, म्हणून जमिनीलगत तो वापरत नाहीत. वर गवताचे जाड छप्पर भिंतीच्या बरेच पुढे आलेले असते, तेही पावसाचे पाणी भिंतीपासून लांब पडावे म्हणून. पाया, भिंत आणि छप्पर या क्रमाने प्रत्येक घर पाहिले की गावाखाली कोणता खडक आहे ते घरेच सांगतात.

१६१७ ची शाळेची छोटी इमारत चर्चजवळच आहे. आता तिथे संग्रहालय आहे. उघडण्याच्या वेळा निघण्याआधी पाहून ठेवा.

वेळ असेल तर गावाच्या उत्तरेला एक फेरी मारा. १८१० मध्ये पूर्ण झालेल्या आणि १९१४ मध्ये कायद्याने बंद केलेल्या विल्ट्स अँड बर्क्स कालव्याची रेषा तिकडे आहे, आणि तिच्या पलीकडे लंडनहून स्विंडनला जाणारा लोहमार्ग. दोन्ही सपाट खोऱ्याचा फायदा घेऊन जातात. वेळ कमी असेल तर हा भाग नकाशावरच पाहा.

७. गावातून पायथ्याकडे: माती बदलताना पकडा

आता दक्षिणेला, हक्काच्या वाटांनी. वुलस्टनकडून जाणारी वाट सोयीची आहे, पण मध्ये तुम्ही शेजारच्या पॅरिशमध्ये शिरता, ते ट्रेसिंग पेपरवर नोंदवा. पूर्ण फेरी १० किलोमीटरच्या आसपास धरा. गाव साधारण १०० मीटर उंचीवर आहे आणि माथा २६१ मीटरवर. बहुतेक चढ शेवटच्या एका किलोमीटरमध्ये आहे.

इथे घाई करू नका, आख्ख्या दिवसातला हा सर्वांत मोलाचा तुकडा आहे. मोल नावाचा, जमिनीखाली बिळे करून राहणारा लहान प्राणी गवतात मातीचे छोटे ढीग टाकतो. खालची माती त्याने फुकट उकरून ठेवलेली असते. दर दोन-तीनशे मीटरवर अशा एका ढिगापाशी थांबा आणि तीन गोष्टी करा.

एक, चिमूटभर माती ओली करून दोन्ही तळव्यांत शेवेसारखी लांब वळा आणि तिची अंगठी करा. न तडकता अंगठी झाली तर ती चिकणमाती. गावाजवळ बहुधा असेच होईल आणि बोटे धुवावी लागतील.

दोन, रंग पाहा. करडा-निळसर, मग जरा हिरवट-तपकिरी, मग अचानक पांढरे कण.

तीन, पांढरा खडा दिसला की त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाका आणि खडा कानाशी धरा. खडू असेल तर बारीक चरचर ऐकू येते आणि थेंबात बुडबुडे उठतात. चकमकीच्या दगडावर काही होत नाही. तो बाहेरून पांढरट आणि आतून काळसर काचेसारखा असतो, कडा धारदार. हाताळताना जपा.

पहिली चरचर जिथे ऐकू आली तिथला ग्रिड संदर्भ लिहा. पॅरिशमधली सर्वांत महत्त्वाची रेषा तुम्हाला सापडली. तिच्याखाली झरे आणि कुरणे, तिच्यावर कोरडा माळ.

इशारा: व्हिनेगर फक्त वाटेवरच्या सुट्या खड्यावर. घराच्या भिंतीवर, चर्चवर किंवा घोड्यावर एक थेंबही नको, खडू खरोखर विरघळतो.

इशारा: बी ४५०७ ओलांडताना सांभाळा. रस्ता वळणावळणाचा, गाड्या वेगात. दोन्हीकडचे लांबवर दिसेल अशी जागा पाहूनच ओलांडा.

८. टेकडीवर: खालून वर

क्रम असा ठेवा: मेंजर, ड्रॅगन हिल, घोडा, किल्ला, रिजवे.

मेंजर ही टेकडीच्या कुशीतली कोरडी घळ. एका बाजूच्या उतारावर उभ्या पन्हळी दिसतात. त्या माणसाने केलेल्या नाहीत. हिमयुगाच्या थंडीत गोठलेला आणि पुन्हा वितळलेला खडू घसरत गेल्याने त्या तयार झाल्या. पेरणीच्या ताली समजून लोक त्यांची चुकीची नोंद करतात. ताली उताराला आडव्या असतात, या उभ्या आहेत.

ड्रॅगन हिल नैसर्गिक टेकाड आहे, फक्त माथा माणसाने सपाट केलेला. माथ्यावर खडूचा एक उघडा तुकडा आहे. सेंट जॉर्जने ड्रॅगनला इथे मारले आणि त्याचे रक्त सांडले तिथे गवत उगवत नाही, अशी लोककथा आहे. नोंदवहीत कथा आणि निरीक्षण वेगळ्या रकान्यांत लिहा.

घोडा सुमारे ११० मीटर लांब आहे. नुसते गवत खरवडून तो केलेला नाही. मीटरभर खोलीपर्यंतचे चर खणून त्यांत कुटलेला खडू भरला आहे. चरांतल्या मातीला शेवटचा प्रकाश कधी लागला हे मोजून त्याचे वय काढले: इ.स.पू. १३८० ते ५५० च्या दरम्यान. वेळोवेळी गवत काढून खडू ठेचला नाही तर तो बुजून जाईल. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते काम केले म्हणून तो आज आहे. त्याच्या पांढऱ्या भागावर पाय ठेवू नका, मुलांनाही ठेवू देऊ नका. एका बुटाने फार काही होत नाही, पण एका उन्हाळ्यात इथे हजारो बूट येतात.

जवळून तो घोडा म्हणून दिसणार नाहीच. उतार बहिर्गोल आहे, त्यामुळे वर उभे राहिल्यावर एका वेळी थोडेच पट्टे नजरेत येतात. इथे पाहायचे ते चराची कड, खडूचा पोत आणि डोळ्याची जागा. आकृती पाहायची वेळ नंतर येते.

अफिंग्टन कॅसल या नावाने आपली मंडळी रायगड-सिंहगड डोळ्यांसमोर आणतात आणि हिरमुसतात. बुरूज नाही, दरवाजा नाही, चिरेबंदी तर नाहीच. हा लोहयुगातला मातीचा तट आणि बाहेर खंदक आहे, आत सुमारे तीन हेक्टर मोकळे गवत. प्रवेश पश्चिमेकडून. तटावरून पूर्ण फेरी मारा आणि होकायंत्राने दर वळणावर दिशा टिपा. २६१ मीटरचा सर्वेक्षणाचा खांब तटाजवळ आहे. तिथून उत्तरेला पाहून अष्टकोनी मनोरा शोधा. सापडला की नकाशा त्या दिशेला वळवून पक्का करा.

रिजवे ही माथ्यावरून जाणारी जुनी वाट. आज ती १३९ किलोमीटरच्या राष्ट्रीय पदमार्गाचा भाग आहे. थोडे पलीकडे, दक्षिणेच्या माळापर्यंत जा, नाहीतर पट्ट्याचे एक टोक बघायचे राहून जाते.

इशारा: टेकडीवरची स्मारके कायद्याने संरक्षित आहेत. परवानगीवाचून धातुशोधक यंत्र चालवणे हा गुन्हा आहे. खणणे, दगड उचलून नेणे, तटावर सायकल नेणे, यातले काहीच नको.

९. उतरून मागे वळा

घोड्याचा उतार वायव्येकडे तोंड करून आहे. डिसेंबर-जानेवारीत तो सावलीत असतो आणि चार वाजता अंधार पडतो. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये दुपार कलल्यावर त्यावर तिरपे ऊन येते. म्हणून त्याला शेवटी पाहायचे, खोऱ्यात उतरून, टेकडीपासून दोन-तीन किलोमीटर लांब गेल्यावर. गावाच्या पश्चिमेच्या आणि वायव्येच्या वाटांवरून आकृती जास्त पूर्ण दिसते. लहान दुर्बीण असेल तर आत्ता काढा.

तटाची उंची, जुन्या नांगरटीच्या सरी-वरंबे असे जमिनीचे बारीक चढउतार पाहायचे असतील तर मात्र फेब्रुवारी-मार्च निवडा. गवत आखूड असते आणि खाली आलेल्या उन्हात सावल्या लांब पडतात. त्याच दिवसांत खोऱ्यातला चिखल घोट्यापर्यंत असतो, तेवढी तयारी ठेवा.

१०. त्याच रात्री नोंदी

दुसऱ्या दिवसावर टाकू नका. प्रत्येक खुणेला एक कार्ड करा. नमुना:

*क्रमांक ५. पांढरा घोडा. एसयू ३०१ ८६६. पॅरिश: अफिंग्टन. जमीन: खडू, वायव्य उतार. बांधणी: चर खणून ठेचलेला खडू. कुठून दिसला: वुलस्टनच्या वाटेवरून पाठ आणि डोके, उतरल्यावर पूर्ण. कुठून दिसला नाही: तटावरून. स्थिती: दोन जागी गवत कडेने आत आलेले. तारीख, वेळ, हवामान.*

'कुठून दिसला नाही' हा रकाना रिकामा ठेवू नका. दुसऱ्या खेपेला वाट ठरवताना तोच उपयोगी पडतो.

मग ट्रेसिंग पेपर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरच्या जुन्या ऑर्डनन्स सर्व्हे नकाशांशी ताडून पाहा. ते फुकट आहेत आणि आजच्या नकाशावर सरकवून बघता येतात. मैलाला पंचवीस इंच प्रमाणाच्या पत्रकावर प्रत्येक शेताला क्रमांक आणि एकर दिलेले असतात, थेट आपल्या गट नंबरासारखे. नाहीशी झालेली हेज, बुजलेले तळे, बंद झालेला कालवा तिथे सापडतो.

हेज किती जुनी हे तिच्यातल्या झाडांच्या जाती मोजून ठरवण्याचा एक ठोकताळा प्रचलित आहे: तीस यार्डांत जितक्या जाती तितकी शतके. त्यावर वय लिहू नका. मालकाने एकाच दिवशी पाच जाती लावल्या असतील तर तो पाच शतकांची चूक करतो. जाती मोजून नोंदवा, वय जुन्या नकाशांवरून ठरवा.

शेवटी लाल रेषेवर जिथे प्रत्यक्ष गेलात तिथे बरोबरची खूण करा. पहिल्या फेरीत चौथा हिस्सा जरी झाला तरी पुष्कळ आहे. उरलेल्या तुकड्यांतला उत्तरेचा, ओढ्याकाठचा तुकडा पुढच्या खेपेला आधी घ्या. पावसाळी आठवड्यानंतर तो महिनाभर चालण्याजोगा राहत नाही.